पूल संपला की उतरू नका: बंगळुरू ते राजमंड्री, ट्रान्सफरचा दिवस

आंध्रातल्या राजमंड्रीला ट्रान्सफर झालेल्या पुढच्या एल्डरांनो, म्हणजे आमच्या चर्चच्या मिशनरी मुलांनो, आधी एवढं वाचा, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. या गावात रेल्वेची दोन स्टेशनं आहेत. विजयवाड्याकडून येताना गोदावरीचा पूल ओलांडला की लगेच लागतं ते 'गोदावरी'. तिथून दोन-अडीच किलोमीटर पुढे 'राजमंड्री'. तुम्हाला उतरायचंय ते दुसऱ्यावर. मला आधीच्या एल्डरनं फोनवर सांगितलं होतं, "पूल संपला की उतर." मी उतरलो, आणि पुढचा तासभर जे झालं ते तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे लिहितोय.

ज्यांना आमचं जगणं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लोक आम्हाला मॉर्मन म्हणतात. चर्चचं पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स', आणि 2018 पासून आमचे पुढारी तेच पूर्ण नाव वापरा असं आग्रहानं सांगतात. मुलं अठराव्या वर्षापासून दोन वर्षांच्या सेवेला जाऊ शकतात, मुली दीड वर्षाच्या. मी पुण्याचा, आजोळ नाशिकचं. घरात मराठी ख्रिस्ती वळण, आईवडील पुण्यात या चर्चमध्ये आले. सेवेत असताना कुठल्या गावात राहायचं ते आपण ठरवत नाही. साधारण दर सहा आठवड्यांनी ट्रान्सफर जाहीर होतात, कोण राहणार, कोण हलणार, कुणाचा जोडीदार कोण. मला शनिवारी रात्री कळलं, बुधवारी गाडी होती.

आम्ही दोघादोघांच्या जोडीनं राहतो आणि काम करतो. जोडीतला दुसरा एल्डर तो जोडीदार, आणि तो आमच्या दिवसाचा कणा आहे. बाथरूम सोडलं तर जोडीदारानं सतत नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात असायचं, असा नियम. घरच्यांना तो जाच वाटतो. माझ्या आईलाही वाटायचा. मी त्या पहाटेपर्यंत तो निव्वळ पाळत होतो, तो कशासाठी आहे हे मला त्या पहाटे गोदावरी स्टेशनच्या फलाटावर कळलं.

ट्रान्सफरच्या प्रवासातही एकटं जायचं नसतं. म्हणून त्याच दिशेनं निघालेल्यांची मोट बांधतात. माझ्यासोबत विशाखापट्टणमला निघालेला एक एल्डर होता. मी राजमंड्रीला उतरायचं, नव्या जोडीदारानं मला फलाटावर ताब्यात घ्यायचं, तो तसाच पुढे जायचा. कागदावर हे चोख दिसतं. पण सगळा डोलारा दोन-तीन मिनिटांच्या थांब्यावर उभा असतो आणि त्यासाठी दोघांच्या डोक्यात एकच स्टेशन असावं लागतं.

बंगळुरूहून निघालो तेव्हा दुपार होती. दिवसाच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, ठीक झाला. सामान मात्र माझं चुकलंच. दोन मोठ्या बॅगा, एक सॅक आणि वर इस्त्रीची वेगळी पिशवी. दीड वर्षात माणूस किती गोळा करतो याचा अंदाज ट्रान्सफरच्या आदल्या रात्री येतो. बायबल आणि मॉर्मन ग्रंथ इंग्रजीत आणि तेलुगूत, वह्या, आधीच्या गावच्या लोकांनी दिलेल्या भेटी, स्टीलचे डबे. एक मोठी बॅग आणि एक सॅक, यापेक्षा जास्त आणू नका. पांढरे शर्ट सहा पुरतात, तेही अर्ध्या बाह्यांचे. कोट आणूच नका, इथे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. इस्त्री, बादली, प्रेशर कुकर इथल्या खोलीत आहे, मी येऊन बघितलंय.

पहाटे सोबतच्या एल्डरनं मला हलवून उठवलं तेव्हा बाहेर नुकतं फटफटत होतं. कोव्वूर मागे पडलं आणि गाडी पुलावर चढली. हा भाग मी घाईत सांगणार नाही.

नाशिकला रामकुंडावर आजीचा हात धरून मी गोदावरी बघितलेली. उन्हाळ्यात तिथे पायरीवरून पलीकडच्या माणसाशी बोलता येतं. त्र्यंबकला तर ती ब्रह्मगिरीवरून निघते तेव्हा ओंजळीत मावते. तीच नदी इथे काही किलोमीटर रुंद आहे. गाडी चालतेय, चालतेय, आणि खाली पाणीच. दौलेश्वरमला आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्यानं 1852 मध्ये बंधारा पुरा केला, त्याच्या जागी आता मोठं बॅरेज आहे, ते इथून थोडंच खाली. त्यामुळे पुलापाशी पाणी तुंबून पात्र भरलेलं राहतं. शेजारी जुना हॅवलॉक पूल नुसता उभा दिसतो, त्याच्यावरून 1997 पर्यंत गाड्या जात होत्या. ब्रह्मगिरीपासून समुद्रापर्यंत 1465 किलोमीटर, असं शाळेत पाठ केलेलं. त्यातलं पहिलं पाऊल मला माहीत होतं, आता जवळजवळ शेवटचं बघत होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नाशिक, पैठण, नांदेड, यातल्या कुठल्याही गावचे असाल तर गजर लावून उठा आणि दारापाशी उभं न राहता खिडकीतून बघा. झोपून राहिलात तर ही चूक भरून निघणार नाही.

आणि त्याच भरात मी पूल संपल्यावर उतरलो. गाडी थांबली, आजूबाजूचे चार लोक उतरले, मी बॅगा खाली ढकलल्या. पुढे जाणाऱ्या एल्डरनं सॅक हातात दिली, हात हलवला, गाडी सुटली. मग मी पाटी वाचली.

पहाटेचे साडेपाच वगैरे झाले असतील. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी, पायाशी तीन डाग आणि ओळखीचं कुणी नाही. फोन आमच्या जोडीला एकच असायचा, तो बंगळुरूत जुन्या जोडीदाराकडे राहिला होता. नव्या जोडीदाराचा नंबर माझ्याकडे होता, पण वहीत, आणि वही मोठ्या बॅगेच्या तळाशी. फलाटावरच बॅग उघडून शर्ट बाहेर काढत बसलो. एका चहावाल्याकडे फोन मागितला, त्यानं विनातक्रार दिला. तिकडून आवाज आला, "मी राजमंड्रीला फलाटावर आहे, तुझा डबा आला, तू नाहीस." त्याला दुसऱ्या एल्डरला सोबत घेतल्याशिवाय हलता येत नव्हतं आणि ते दोघं रिक्षा करून इकडे येईपर्यंत मला थांबायला सांगत होते. मी म्हटलं, जवळच तर आहे, मीच येतो. ही माझी दुसरी चूक. थांबायला हवं होतं.

बाहेर एकच ऑटो उभी होती. त्यानं चारशे सांगितले. दोन-अडीच किलोमीटरचे चारशे! दोनशे गाडीचे आणि प्रत्येक मोठ्या बॅगेचे शंभर. माझं तेलुगू तेव्हा प्रार्थनेपुरतं बरं होतं, भाड्यापुरतं नव्हतं. मी तीनशेवर आणायला बघितलं, तो इंजिन बंद करून पेपर वाचायला लागला. मी दिले. आम्हाला महिन्याचा भत्ता ठरलेला असतो, त्यातून जेवण, बस, साबण, सगळं. चारशे रुपये म्हणजे माझा चार-पाच दिवसांचा भाजीपाला. नंतर इथल्या चर्चच्या सभेतल्या लोकांना विचारलं, सगळ्यांनी एकच सांगितलं: पूर्ण ऑटोचे साठ ते ऐंशी, पहाट असेल तर शंभर. शेअर ऑटोत वीसच्या आत. म्हणजे मला चौपट लावले होते. एवढ्यावर थांबला असता तरी मी गप्प बसलो असतो. त्यानं मला स्टेशनच्या मागच्या अंगाला सोडलं आणि तिथून जिना चढून, पूल ओलांडून, जिना उतरून पुढच्या बाजूला यायचं माझ्यावर सोडलं. दोन बॅगा एकदम उचलता येत नाहीत, म्हणून एक दहा पायऱ्या वर ठेवायची, खाली येऊन दुसरी न्यायची, आणि दोन्ही नजरेत राहतील असं बघत चढायचं. शर्ट घामानं पारदर्शक झाला. टायनं तोंड पुसलं.

जोडीदार पुढच्या दाराशी सापडला तेव्हा मी त्याला काही बोलू शकलो नाही. त्यानं पाण्याची बाटली दिली आणि एक बॅग उचलली.

भाड्याची तयारी गाडीतच करा. चार शब्द पाठ हवेत. 'एंत' म्हणजे किती. 'एक्कुवा' म्हणजे जास्त. 'तग्गिंचंडी' म्हणजे कमी करा. आणि 'चालु' म्हणजे पुरे. मराठी कानाला हा शब्द फसवतो. पहिल्या आठवड्यात एका घरी वाढणाऱ्या बाई 'चालु?' असं विचारत होत्या, मला वाटलं जेवण चालू आहे का विचारताहेत, मी मान हलवत राहिलो आणि त्या वाढायच्या थांबल्या. ऑटोत चढण्याआधी जागेचं नाव, आकडा आणि 'बॅगांसह' हे तिन्ही ठरवून घ्या. 'अण्णा' म्हणून सुरुवात करा, आवाज चढवू नका.

खोलीबद्दलही मला चुकीचं सांगितलं होतं. "दुसरा मजला, लिफ्ट आहे." तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही. म्हणून म्हणतोय, एक बॅग. पाण्याचा वीस लिटरचा जारही आपणच वर न्यायचा असतो, आळीपाळीनं. तळमजल्याच्या आजोबांना नमस्कार घाला, पाण्याच्या वेळा तेच सांगतात.

इथलं काम बंगळुरूपेक्षा वेगळं आहे आणि मला जास्त आवडलंय. आम्ही अनोळखी दारं वाजवत नाही. ओळखीतून बोलावणं आलं तरच जायचं, आणि इथे बोलावणं येतं. साडेसहाला उठणं, अर्धा तास व्यायाम, मग एकट्याचा आणि दोघांचा अभ्यास, हे सगळीकडे तसंच. पण दुपारी बारा ते चार इथे कुणाच्या घरी जाण्यात अर्थ नाही, गाव झोपलेलं असतं आणि ऊन डोक्यात जातं. ती वेळ तेलुगूला द्या. खरं काम संध्याकाळी पाच ते साडेआठ.

जाल त्या घरी पहिल्या पाच मिनिटांत चहा येतो. आमच्या आरोग्याच्या वचनात, 1833 सालच्या, चहा-कॉफी बसत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण नुसतं 'वद्दु' म्हणजे नको म्हणालात तर यजमानीणबाईंचा चेहरा पडतो. आधीच, दारात चपला काढतानाच म्हणा, "अम्मा, मंचिनीळ्ळु चालु," पिण्याचं पाणी पुरे. मग त्या चहा टाकतच नाहीत, ताकाचा पेला आणतात, आणि ते ताक या गावातली सर्वात चांगली गोष्ट आहे. गोंगुरा, म्हणजे अंबाडीची आंबट-तिखट चटणी, मात्र जपून. कोल्हापूरचे असाल तरी जपून.

सभेतली माणसं प्रेमळ आहेत, रविवार छान जातात, पहिले तीन आठवडे सुरळीत गेले.

सोमवारी आमचा तयारीचा दिवस असतो. कपडे धुणं, बाजार, आणि घरी फोन. आधी सहसा फक्त ईमेल असायचे, फोन वर्षातून दोनदा. 2019 पासून दर आठवड्याला बोलता येतं. मी पहिल्या सोमवारी नाशिकला आजीला लावला आणि नदी सांगितली. ती बराच वेळ ऐकत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे मी इथे हात धुतले तर पाणी तुझ्याकडे येतं का रे?" मी म्हटलं, येतं.

मी इथून जाईन तेव्हा कपाटाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवून जाणार आहे, तयार करून ठेवलाय. स्टेशनचं बरोबर नाव, ऑटोचं भाडं, तिसरा मजला, पाण्याच्या वेळा, आणि नव्या जोडीदाराचा नंबर खिशात ठेवा, बॅगेत नको. चुकीच्या स्टेशनवर उतरलातच तर कुणाचा तरी फोन मागा आणि जोडीदार येईपर्यंत फलाटावरच बसून राहा, कितीही वेळ लागला तरी. आल्या संध्याकाळी बॅगा उघडू नका. दोघं मिळून गोदावरीच्या पुष्कर घाटावर जा, पायरीवर बसा, नऊच्या आत परत या.