लादी रोज पुसली जात होती, स्वच्छ होत नव्हती

जानेवारीत आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून घरी आलो, तर काळा चष्मा कपाळावर सरकवून ती दारातच थांबली. खाली बघत राहिली. एका डोळ्यासमोर तळहात धरून बघितलं, मग दुसऱ्यासमोर धरून बघितलं. "या डोळ्यानं काही कळत नाही रे, सगळंच पिवळट. पण यानं बघितलं ना, तर लादी किती कळकट दिसतेय." मग हळूच म्हणाली, "मी रोज पुसते की."

खरंच रोज पुसते. एकतीस वर्षं. तिचा पडलेला चेहरा मला बघवला नाही. डॉक्टरांनी वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही असं बजावलं होतं. म्हणजे फडकं आता माझ्या हातात आलं होतं. तिला लादी स्वच्छ करून दाखवायचीच, असं मी त्याच दिवशी ठरवलं.

आम्ही विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगरात राहतो. म्हाडाची जुनी वसाहत, एक खोली आणि स्वयंपाकघर. मी आणि आई दोघंच. लादी जुन्या पद्धतीची, मोझॅकची: दहा इंची चौकोन, करड्या सिमेंटमध्ये संगमरवराचे पांढरे, हिरवे, तपकिरी खडे. एका बाजूला ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे, दुसऱ्या बाजूला एकेक बिल्डिंग पाडून टॉवर उभे राहतायत. सकाळी पुसलेल्या खिडकीच्या कठड्यावर संध्याकाळी बोटानं नाव लिहिता येतं. सुरुवातीला मी सगळा दोष या धुळीवर टाकला होता. धुळीचा दोष होता, पण निम्माच.

पहिले चार दिवस मी आईसारखंच केलं, फक्त जास्त जोरात. केर काढला, बादलीत फिनाईल नेहमीपेक्षा दुप्पट ओतलं, पाणी दुधासारखं पांढरं झालं, घरभर वास सुटला. लादी वाळल्यावर चाललो तर तळवे चटचट चिकटत होते. खिडकीतून तिरपं ऊन आलं की फडक्याचे अर्धगोल ओरखडे दिसायचे. जास्त ओतावं तसं जास्त चिकट.

मग मी एक चूक केली आणि ती लपवून ठेवण्यासारखी नाही. दुकानात विचारलं, तर त्यांनी बाथरूमच्या टाइल्सचं अ‍ॅसिड दिलं. "दोन मिनिटांत पांढरं होईल" म्हणाले. ओट्याजवळच्या एका लादीवर थोडं ओतलं. ओतताक्षणी फस्स करून फेस आला. मला वाटलं, मळ निघतोय. निघत होती ती लादीच. संगमरवर आणि सिमेंट दोन्हींत चुन्याचा अंश असतो आणि अ‍ॅसिड चुन्याला खातं. तो फेस म्हणजे सुटणारा कार्बन डायऑक्साइड वायू. भरपूर पाणी ओतलं, वर खाण्याचा सोडा भुरभुरवला, पण तोवर तळहाताएवढा भाग खरखरीत आणि निस्तेज झाला होता. तो डाग आजही आहे. म्हणून ज्यांच्या घरी मोझॅक, संगमरवर किंवा शहाबादी लादी आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, अ‍ॅसिड नको. लिंबू आणि व्हिनेगरही नको, तीही अ‍ॅसिडंच, फक्त सौम्य. आणि अ‍ॅसिडची बाटली नि ब्लीचची बाटली कधीही एकत्र वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि आमच्यासारख्या एका खिडकीच्या खोलीत तो जिवावर बेतू शकतो.

पुढच्या रविवारी स्टीलचं कपाट हलवलं आणि तिथं मला कोडं सुटलं. शेजारच्या दादांनी हात लावला म्हणून हललं, नाहीतर ते वर्षानुवर्षं जागचं हललेलं नव्हतं. खाली धुळीची गाठोडी, केसांचे पुंजके, एक पाच पैशांचं नाणं, जळमटं. सगळं सुपलीत भरलं आणि नुसत्या ओल्या फडक्यानं एकदा पुसलं. खालची लादी झगझगीत! हिरवा खडा हिरवा, पांढरा पांढरा, आणि खिडकीचे गज त्यात दिसत होते. जिथं कधी फडकं गेलं नव्हतं तिथली लादी स्वच्छ होती, आणि जिथं रोज गेलं तिथली कळकट.

आई पलंगावरून बघत होती. म्हणाली, "आपण राहायला आलो तेव्हा सगळी अशीच होती."

मग एक साधी परीक्षा केली. खोलीच्या मध्यावर, जिथं आमचा सगळा वावर असतो, तिथं नुसतं गरम पाणी टमरेलभर ओतलं. ना साबण, ना फिनाईल. कपडे धुवायच्या जुन्या ब्रशनं एक लादी घासली, तर फेस आला. पांढरा नाही, चहाच्या सायीच्या रंगाचा. मी काहीच घातलं नव्हतं, म्हणजे साबण आधीपासूनच लादीवर होता. इतकी वर्षं पुसताना जे जे पाण्यात घातलं, त्यातलं थोडं थोडं वाळून वर बसत गेलं. त्यात फोडणीचा ओशटपणा आला, कारण आमच्याकडे चिमणी नाही. वर हायवेची बारीक काळी धूळ चिकटली. असा थरावर थर चढून मेणचट राप बसला होता. आणि फिनाईलनं जंतू मरतात, पण ओशट मळ सुटत नाही. तो सुटायला साबणच लागतो, तोही थोडा, आणि नंतर तो काढून घ्यावा लागतो. आमच्याकडून हे काढून घेणंच राहून गेलं होतं. एक बादली, एक फडकं. पहिल्या चार लाद्यांनंतर पाणी काळं, आणि तेच काळं पाणी उरलेल्या घराला.

यात आईची चूक नाही. पाणी पहाटे दोन तास येतं. त्यात पिंप भरायचं, कपडे, भांडी, अंघोळी. लादीच्या वाट्याला एकच बादली यायची, आणि तिनं ती एवढी वर्षं पुरवली.

एका दिवसात सगळं घर होत नाही. मी अर्धी अर्धी खोली एका रविवारी घेतली, सामान उरलेल्या अर्ध्यात रचून. सुरुवात वरून. पंख्याची पाती आधी पुसायची, नाहीतर धुतलेल्या लादीवर तीच काजळी येते. पंखा बंद ठेवून केर काढायचा आणि झाडू लादीला टेकवून हळू ओढायचा. झटकून काढला की बारीक धूळ उडते आणि दहा मिनिटांनी पुन्हा खाली बसते. फुलझाडू नवा असेल तर आधी गच्चीवर आपटून त्याचा भुसा पाडून घ्यायचा. कोपऱ्यांना नि चौकटीच्या खाचांना जुना टूथब्रश.

मग पाच लिटर कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड जेमतेम अर्धा चमचा. आईला ते फार कमी वाटलं. पाणी चार-सहा लाद्यांवर पसरायचं आणि दहा मिनिटं हात लावायचा नाही. हे थांबणं मला सगळ्यांत जड गेलं, पण निम्मं काम त्यातच होतं. राप भिजून सैल होतो. नंतर ब्रश गोल गोल फिरवला की पाणी बघता बघता तपकिरी होतं. लाद्यांच्या सांध्यांमध्ये मळ जास्त, कारण सांधा लादीपेक्षा जरा खोल असतो. तिथं खाण्याच्या सोड्याची पाण्यात कालवलेली पेस्ट आणि टूथब्रश. काही जण सोड्यावर व्हिनेगर ओततात आणि फसफसलं की खूश होतात. पण ती दोन्ही एकमेकांना मारतात, हाती उरतं ते जवळजवळ खारट पाणी.

आता ते घाण पाणी उचलायचं. स्वयंपाकघरात मोरी आहे, तिथं वायपरनं ढकललं. खोलीत उतार नाही, मोरी नाही. तिथं वायपरनं पाणी एका जागी गोळा केलं, प्लॅस्टिकच्या सुपलीनं भरून बादलीत घेतलं, उरलेलं जुन्या टॉवेलनं टिपून पिळून काढलं. मग नुसतं पाणी फिरवलं, पुन्हा गोळा केलं. मग पुन्हा. दर वेळी मी ते पांढऱ्या मगात घेऊन आईला दाखवत होतो. पहिलं पाणी उकळलेल्या चहासारखं. दुसरं ताकाच्या निवळीसारखं. तिसऱ्या पाण्यात मगाचा तळ दिसला. "झालं," आई म्हणाली. कोरड्या फडक्यानं पुसलं, पंखा पाचवर केला. त्या दिवशी अर्ध्या खोलीला चार बादल्या लागल्या. पाणी मी आदल्या पहाटे साठवून ठेवलं होतं.

वाळल्यावर आईला हात धरून त्यावर चालवलं. तिनं चप्पल काढली. पाय टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. "चिकटत नाही रे." आणि मग खिडकीपाशी उभी राहून तिनं मला एक हिरवा खडा दाखवला, पेरूच्या फोडीच्या आकाराचा. मी लहान असताना त्या खड्यावर गोटी ठेवून खेळायचो म्हणे. मला आठवत नव्हतं. तिला तो खडा कित्येक वर्षांनी दिसला होता.

सगळी लादी कपाटाखालच्या लादीसारखी झाली का? नाही. जिथं पावलं पडली तिथलं पॉलिश झिजलंय, ते घासून परत येत नाही. त्यासाठी मशिनवर दगड लावून पॉलिश करून घ्यावं लागतं, सगळं घर रिकामं करून, आणि त्याचा चिखल भिंतींवर उडतो. आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जायची बोलणी चालू आहेत. समोरच्या काकू म्हणाल्याच, "पाडायच्या घराला एवढं कशाला घासतोस?" उत्तर आईनंच दिलं, "पाडतील तेव्हा पाडतील, तोवर आम्हीच चालणार ना त्यावर."

एक गोष्ट मात्र मला तिच्याशी जपून बोलावी लागली. अमावास्येला ती लादीच्या पाण्यात मूठभर जाडं मीठ घालते. तिच्या आईची रीत. मीठ पाण्याबरोबर जात नाही, वाळून लादीवर राहतं, आणि मुंबईची दमट हवा लागली की ते ओल ओढून घेतं. पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते तसंच. जुलैमध्ये आमची लादी दिवसभर ओलसर का लागायची याचं एक कारण हे असणार. मी तिला मीठ बंद कर म्हटलं नाही. एवढंच म्हटलं, "मिठाचं पाणी फिरव, आणि मागून साध्या पाण्याचा एक हात मार." ती जरा विचार करून म्हणाली, "चालेल. मिठानं आपलं काम केलेलं असतं तोवर."

रोजचं आता असं आहे. दोन बादल्या, दोन्ही अर्ध्याच भरलेल्या, त्यामुळे पाणी पूर्वीपेक्षा थोडंच जास्त लागतं. एकीत थेंबभर लिक्विड, दुसरीत साधं पाणी. फडकं लादीवरून उचललं की आधी साध्या बादलीत खळबळून पिळायचं, मग साबणाच्या. साधं पाणी काळं झालं की ते संडासात ओतून नवं घ्यायचं. फडकं मायक्रोफायबरचं, त्याला कपडे मऊ करायचं लिक्विड लावायचं नाही, धूळ धरायची त्याची ताकद जाते. फिनाईल आठवड्यातून एकदा, बाटलीवर लिहिलंय तेवढंच, आणि मोरीपाशी. दाराबाहेर काथ्याचं पायपुसणं, दाराच्या आत सुती. बाहेरचं रोज सकाळी गॅलरीत नाही, खाली जाऊन झटकतो. सगळ्यांत मोठा फरक या दोन पायपुसण्यांनी पडला असं मला वाटतं. हायवेची माती आता बरीचशी दारातच अडते.

चार रविवार लागले. चौथ्या रविवारनंतरच्या तपासणीत डॉक्टरांनी आईला वाकायची परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होतो, तर ती फडकं घेऊन खिडकीखाली उकिडवी बसलेली. मी म्हटलं, "आई, मॉप आहे ना." ऐकलं नाही. एक लादी पुसली, फडकं उलटं करून खिडकीच्या उजेडात धरलं, उजव्या डोळ्यानं नीट बघितलं, घडी बदलली.

"ती दुसरी बादली आण बघू," म्हणाली.