तुम्ही विचारलंत म्हणून: अजिंठ्याची चित्रं पुसून लख्ख का करत नाही?

अजिंठा बघून आलेला जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो, आणि बहुतेकदा सुरात आरोप असतो. पुसायचं कशानं? ही ओल्या चुन्यावर काढलेली चित्रं नव्हेत. कातळावर मातीचा जाड गिलावा, त्यात भाताचा कोंडा आणि वनस्पतींचे तंतू. वर बारीक मातीचा थर, त्यावर चुन्याचा पातळ हात. तो वाळल्यावर चिकटद्रव्यात कालवलेला रंग. ओला बोळा फिरवला तर मळाबरोबर रंगही येतो.

आणि लख्ख करण्याचा प्रयत्न झालेला आहे. चित्रांच्या नकला करणाऱ्यांनी रंग उठून दिसावेत म्हणून एकोणिसाव्या शतकातच व्हार्निश फासलं. मग 1920 साली हैदराबाद संस्थानानं इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी यांना बोलावलं. सुटत चाललेला गिलावा त्यांनी पुन्हा कातळाला धरवला, फुटक्या कडा बुजवल्या. ते झालं नसतं तर कितीतरी चित्रं खाली पडून गेली असती, हे मान्यच. पण रंग पक्का राहावा म्हणून वरून लाखेचा, म्हणजे शेलॅकचा, हातही दिला गेला. ताजी लाख पारदर्शक असते. वर्षं सरतात तशी ती पिवळी पडते, मग तपकिरी. तिच्याखाली पांढरा मातकट दिसतो, निळा हिरवट. त्यात ती आकसते आणि रंगाचे पापुद्रे ओढून उचलते.

जुनी लाख स्पिरिटलाही सहज दाद देत नाही. ती काढायची तर काडीला कापूस, बोटभर चौकोन, द्रावक लावायचा, टिपायचं, थांबायचं. कापसावर रंग दिसला की तिथेच हात आवरायचा. काही ठिकाणी तर सुटलेला रंग त्या लाखेनंच धरून ठेवलाय.

सगळी लाख काढलीच पाहिजे, असं मी पूर्वी ठासून सांगायचो. आता सांगवत नाही. पण सहलीला आलेल्या पोरांना तपकिरी भिंत दिसते, हेही खरं, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

‘मग नव्यानं रंगवा, नकला आहेतच की!’ एकोणिसाव्या शतकात इथे नकला करणारे दोघे, रॉबर्ट गिल आणि जॉन ग्रिफिथ्स. गिलच्या बहुतेक नकला 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या, ग्रिफिथ्सच्या बऱ्याचशा 1885 मध्ये लंडनच्याच एका संग्रहालयात जळाल्या. पुरावा म्हणून ही भिंतच आहे.

पहिल्या लेण्यात बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चित्रासमोर मोबाईल खिशात ठेवून पाच मिनिटं उभे राहा. डोळे सरावले की आधी मोत्यांची माळ दिसू लागते.