रांगेतला 'इज'

दुपारी भाची मोबाइल घेऊन पलंगावर पालथी पडली होती. स्क्रीनवर इंग्रजी शब्द विखुरलेले. बोटाने एकेक उचलून ओळीत बसवायचे. तिने लावलं, 'आय स्कूल टू गो.' टुंग! लाल. "मावशी, बरोबर तर आहे. मी, शाळे-ला, जाते." मला तरी त्यात काही चूक दिसेना.

आमचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. २००० साली ते पहिलीत आलं, त्याच्या बऱ्याच आधीची गोष्ट. बाई जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर एकेक शब्द लिहायच्या, आमच्या हातात द्यायच्या आणि व्हरांड्यात रांगेत उभं करायच्या. मला कायम 'इज', कारण मी चपळ. 'द कॅट इज ऑन द टेबल' असं उभं राहिलं की बाई ओरडायच्या, "प्रश्न!" की मी मांजराला वळसा घालून सगळ्यांच्या पुढे धावायचं. "विधान!" की परत मागे. बाकीचे ढिम्म उभे, धाप मला. मराठीत प्रश्न विचारायला असं कुणाला पळावं लागतं का? शेवटी 'का' चिकटवला की झालं, नाहीतर नुसता आवाज चढवायचा.

'द' व्हायला दोघं लागायचे. त्यातला एक सारखा गैरहजर. पण त्याच्यावाचून वाक्यात काही कमी आहे असं वर्गात कधी कुणाला वाटलं नाही. मला अजूनही वाटत नाही.

दसऱ्याच्या सुमारास एकदा 'राम किल्ड रावण' उभं केलं होतं. टोकाच्या दोन पोरांनी गुपचूप जागा बदलल्या आणि रावणाने रामाला मारलं! बाई हसता हसता खुर्चीत बसल्या. आपल्याकडे 'रामाने', 'रावणाला', 'मारलं' हे तीन शब्द सहा तऱ्हांनी लावा, मरणार रावणच. प्रत्यय ज्याचा त्याच्या अंगावर शिवलेला. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीलाही असे प्रत्यय होते. ते झिजत गेले आणि शब्दांना जागा धरून बसावं लागलं. लोकलमधल्या चौथ्या सीटसारखं, उठलं की गेली.

पण मला खरं आवडतं ते आपलं शेवटी येणारं क्रियापद. इंग्रजीत नकार द्यायचा तर दुसऱ्या-तिसऱ्या शब्दालाच 'नॉट' म्हणून मोकळं व्हावं लागतं. मराठीत "मी उद्या तुमच्याकडे जेवायला" इथपर्यंत निवांत यायचं, समोरच्याचा चेहरा बघायचा आणि मग ठरवायचं, येते की येत नाही. माझी अर्धी नाती या सोयीवर टिकली आहेत. ऑफिसात इंग्रजी बोलताना मी उगाच तुटक वाटते, त्याचं कारणही हेच असावं. निदान मी तरी तसंच सांगते.

भाचीचं एव्हाना हिरवं झालं होतं. "आय गो टू स्कूल एव्हरी डे," तिने मोठ्याने वाचलं. रविवारचं काय, असं विचारणार होते. तेवढ्यात गावाहून आईचा फोन आला. पाऊस, गुडघे, शेजाऱ्यांची गाय, सगळं सांगून झालं. मग म्हणाली, "तू या गणपतीला..."

आणि थांबली. हल्ली ती क्रियापद माझ्यावर सोडते.

"आई, आवाज तुटतोय गं," मी म्हटलं.