‘डब्यातून’ची फोड आणि इंग्रजीतील जोडशब्द

मागच्या आठवड्यात नववीच्या वर्गात मी फळ्यावर एक साधे वाक्य भाषांतरासाठी लिहिले: ‘त्याने डब्यातून खडू काढला.’ दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने वहीत लिहिले होते, ‘ही टुक द चॉक फ्रॉम इन द बॉक्स.’ इंग्रजीच्या रीतीने हे वाक्य चुकीचे आहे, पण त्यामागचा तिचा हिशेब मला फार आवडला. ‘डब्यातून’ या शब्दाची तिने नेमकी फोड केली होती. ‘डब्या’ला लागलेला ‘त’ म्हणजे ‘इन’ आणि त्या ‘त’ला लागलेला ‘ऊन’ म्हणजे ‘फ्रॉम’. साताऱ्यात मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवताना हा प्रश्न माझ्यासमोर दरवर्षी येतो, म्हणून या वेळी तो नीट मांडायचे ठरवले.

मराठीत पंचमीचा हा ‘ऊन’ स्थळ दाखवणाऱ्या जवळजवळ कोणत्याही शब्दाला बिनतक्रार लागतो. खाली–खालून, मागे–मागून, वर–वरून, आत–आतून, मध्ये–मधून अशी ही माळ आहे. इंग्रजीत यातला निम्मा भाग अगदी असाच चालतो, कारण तिथेही ‘अंडर द टेबल’ ही एक जागा धरून तिच्यामागे ‘फ्रॉम’ लावता येतो आणि ‘फ्रॉम अंडर द टेबल’, ‘फ्रॉम बिहाइंड द डोअर’, ‘फ्रॉम बिट्वीन द पेजेस’ असे शब्दप्रयोग तयार होतात. अडचण येते ती ‘इन’ आणि ‘ऑन’ या सर्वांत साध्या दोन शब्दांपाशी. ‘फ्रॉम इनसाइड’ चालते, पण ‘फ्रॉम इन द बॉक्स’ कोणी म्हणत नाही, तिथे ‘आउट ऑफ’ येते. ‘फ्रॉम ऑन द टेबल’ असेही सहसा कोणी म्हणत नाही, तिथे एकटा (दोन ‘एफ’चा) ‘ऑफ’ पुरतो. त्या मुलीने नियम बरोबर लावला होता, फक्त इंग्रजीने ती जागा आधीच दुसऱ्या शब्दांना देऊन टाकलेली आहे.

हे समजावताना मी डस्टर टेबलाखाली ठेवले, पट्टीने बाहेर ओढले आणि फळ्यावर लिहिले: टेबला–खाल–ऊन बाहेर आले. त्याच्याखाली इंग्रजी वाक्याचा शेवट लिहिला: ‘केम आउट फ्रॉम अंडर द टेबल’. मग मुलांना मराठी ओळ उजवीकडून डावीकडे वाचायला सांगितली. आले म्हणजे केम, बाहेर म्हणजे आउट, ऊन म्हणजे फ्रॉम, खाल म्हणजे अंडर आणि शेवटी टेबल. इंग्रजीतला ‘द’ सोडला तर एकही तुकडा कमी पडत नाही आणि एकही उरत नाही. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि नाते सांगणारा शब्द नामाच्या मागे लागतो, इंग्रजीत दोन्ही गोष्टी उलट असतात, त्यामुळे एकाच अर्थाची माळ दोन टोकांकडून ओवल्यासारखी दिसते. वर्गात काही क्षण कोणी बोलले नाही आणि मग मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, हे तर आरशातलं वाक्य!” त्याहून चांगला शब्द मला सुचला नसता.

या माळेतला ‘आउट’ आणि ‘फ्रॉम’ यांच्यातला फरक मात्र मुलांच्या हाती लवकर लागत नाही. ‘आउट’ हे क्रियाविशेषण आहे, ते हालचालीची दिशा सांगते आणि एकटे उभे राहू शकते. ‘ही केम आउट’ हे पुरे वाक्य आहे, पण ‘ही केम आउट ऑफ’ म्हटले की ऐकणारा पुढच्या नामाची वाट पाहत राहतो. ‘डाउन फ्रॉम’, ‘बॅक टू’, ‘अवे फ्रॉम’, ‘अप टू’ या सगळ्या जोड्यांची घडण हीच आहे. पहिला शब्द दिशा दाखवतो आणि दुसरा त्या दिशेला एखाद्या वस्तूशी किंवा जागेशी बांधतो. नाम गाळले की दुसरा शब्दही गळतो. मोरो केशव दामले यांच्या 1911 सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ाच्याही आधीपासून आपल्याकडे क्रियाविशेषण आणि शब्दयोगी अव्यय हा भेद शिकवला जातो. ‘तो बाहेर गेला’ यातला सुटा ‘बाहेर’ आणि ‘घराबाहेर’ यातला जोडलेला ‘बाहेर’ आठवीतले मूलही वेगळे ओळखते. इंग्रजी तोच भेद दोन शब्द शेजारी ठेवून पाळते. ‘इन’ आणि ‘टू’ मात्र इतके जवळ आले की त्यांचा ‘इन्टू’ हा एकच शब्द झाला, ‘आउट ऑफ’ अजून सुटे लिहिले जाते.

‘आउट ऑफ’मधला ‘ऑफ’ मुलांना सर्वाधिक छळतो, कारण त्यांनी तो ‘चा–ची–चे’ म्हणून पाठ केलेला असतो. मुळात या शब्दाचा अर्थ ‘पासून दूर’ असा होता. एक ‘एफ’ असलेला आणि दोन ‘एफ’ असलेला हे दोन्ही शब्द जुन्या इंग्रजीत एकच होते. आघात देऊन उच्चारलेले रूप पुढे दोन ‘एफ’चे झाले आणि हलके उच्चारलेले रूप संबंध दाखवण्याच्या कामाला लागले. ‘आउट ऑफ’मध्ये तो जुना अर्थ तसाच टिकून आहे. हा शब्द संस्कृतातल्या ‘अप’चा सख्खा नातलग आहे, अपहरण आणि अपसरण यांतल्या ‘अप’चा. ‘आउट’चे नाते संस्कृत ‘उद्’शी आहे. म्हणजे ज्या ‘उद्’पासून आपला ‘उद्गम’ झाला, तोच इंग्रजीतही बाहेर येण्याचे काम करतो. हे मी वर्गात सांगितले तेव्हा संस्कृत घेतलेल्या मुलांचे चेहरे उजळले.

आपली रचना नियमित असली, तरी तिच्यातही एक उणीव आहे आणि ती मान्य करायला हवी. ‘मांजर टेबलाखालून गेले’ या वाक्यात मांजर आधी टेबलाखाली बसले होते की फक्त तिथून वाट काढून पलीकडे गेले, हे कळत नाही, कारण आपला ‘ऊन’ सुटण्याची जागा आणि जाण्याचा मार्ग दोन्ही सांगतो. ‘पुलावरून पडला’ आणि ‘पुलावरून गेला’ यांतही तेच होते. इंग्रजी इथे ‘फ्रॉम अंडर’ आणि नुसता ‘अंडर’, ‘ऑफ’ आणि ‘ओव्हर’ असे वेगळे शब्द देते. उलट ‘द माउस रॅन अंडर द बेड’ यात उंदीर पलंगाखाली शिरला की पलंगाखालून पलीकडे गेला, हे इंग्रजी सांगत नाही आणि मराठी ‘पलंगाखाली’ व ‘पलंगाखालून’ असे स्पष्ट सांगते.

इंग्रजीत एके काळी इथे, इकडे, इथून यांच्यासारखी तिहेरी रूपे होती: ‘हिअर’, ‘हिदर’, ‘हेन्स’. ‘व्हेअर’ आणि ‘देअर’ यांचीही तशीच होती. ‘व्हेन्स’ म्हणजेच ‘कुठून’, तरी लोक त्याच्यामागे पुन्हा ‘फ्रॉम’ लावत. 1611 च्या बायबलच्या भाषांतरात ते आहे आणि सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755 च्या कोशात त्याला सदोष ठरवले. आज ‘हेन्स’ उरला तो मुख्यतः ‘यावरून’, ‘म्हणून’ या अर्थाने, आणि आपल्या ‘यावरून’नेही जागेकडून निष्कर्षाकडे हाच प्रवास केला आहे.

उगम सांगताना मात्र नुसते अव्यय पुरत नाही, क्रियापदाचा काळही पाहावा लागतो. पाणिनीने सुटण्याची जागा आणि उगमाची जागा दोन्ही अपादानात, म्हणजे पंचमीने दाखवल्या जाणाऱ्या संबंधात, घेतल्या आणि इंग्रजीही दोन्हींसाठी ‘फ्रॉम’च वापरते. माझ्या वर्गातला एक मुलगा रोज एसटीने पाचवडहून येतो, पण त्याचे मूळ गाव मेढा आहे. ओळख करून देताना तो म्हणाला, ‘आय कम फ्रॉम पाचवड.’ त्याच्या मनात ‘मी पाचवडहून येतो’ हे वाक्य होते, पण साध्या वर्तमानकाळातल्या ‘कम’मुळे इंग्रजी ऐकणाऱ्याला त्यातून ‘मी पाचवडचा’ असे ऐकू गेले असते. मी त्याला विचारले, “गाव कुठलं तुझं?” तो म्हणाला, “मेढा, बाई.” मग त्याने स्वतःच फळ्यावर दोन वाक्ये लिहिली: ‘आय कम फ्रॉम मेढा’ आणि त्याखाली ‘आय कम टू स्कूल फ्रॉम पाचवड’. दुसऱ्या वाक्यात ‘टू स्कूल’ आले आणि त्याचे येणे पुन्हा एसटीने येणे झाले.