जो मीकचा जिना आणि माझ्या दिवाणाच्या फळ्या: प्रयोगवहीतील सहावी नोंद

जो मीक या ब्रिटिश संगीत-निर्मात्याचे आवाज घरच्या घरी पुन्हा काढून पाहण्याच्या खटाटोपात या आठवड्यात जिन्याचा प्रयोग अखेर हाती घेतला. ‘हॅव आय द राइट’ या हनीकोम्ब्ज गटाच्या १९६४ च्या गाण्यासाठी मीकने वादकांना स्वतःच्या घराच्या लाकडी जिन्यावर पाय आपटायला लावले होते आणि कठड्याला सायकलच्या क्लिपांनी मायक्रोफोन अडकवून तो ठोका टिपला होता. आमच्या इमारतीचा जिना सिमेंटचा असल्यामुळे नुसता कोरडा ‘फट्’ असा आवाज आला, आणि खालच्या मजल्यावरून विचारणाही झाली. मग दिवाणाच्या फळ्या काढून विटांवर आडव्या टेकवल्या व बूट घालून त्यांवर पाय आपटले, तेव्हा खालच्या पोकळीमुळे आवाजाला जाडी आली. तो कॉम्प्रेसरने (आवाजातील चढउतार कमी करणाऱ्या साधनाने) भरपूर दाबल्यावर मूळ ठोक्याच्या जवळपास पोहोचलो, असे मला वाटते.

मीकला नोटेशन येत नव्हते, कोणतेही वाद्य धड वाजवता येत नव्हते. हवाई दलात रडारचे काम केलेला हा माणूस पन्नासच्या दशकात लंडनच्या स्टुडिओंमध्ये ध्वनिमुद्रक म्हणून तयार झाला आणि पुढे ३०४, हॉलोवे रोड येथे, चामडी वस्तूंच्या दुकानावरच्या भाड्याच्या घरात त्याने स्वतःचा स्टुडिओ थाटला. सुचलेली चाल तो दुसऱ्याच एखाद्या गाण्याच्या वाद्यसाथीवर बेसूर गाऊन टेप करी आणि त्यातून खरे स्वर शोधण्याचे काम वादकांवर सोपवी. त्यामुळे त्याचे संगीतकार असणे आणि निर्माता असणे मला वेगळे काढता येत नाही. चाल अर्धी गळ्यात आणि अर्धी टेपवर तयार होत असे.

‘टेलस्टार’ हे याचे उत्तम उदाहरण आहे. १० जुलै १९६२ रोजी त्याच नावाचा उपग्रह सोडला गेला, आणि टॉर्नेडोज या गटाने वाजवलेली ही धून वर्ष संपण्यापूर्वी ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर होती. तिच्यातील क्लॅव्हियोलिन हे पट्ट्यांचे इलेक्ट्रॉनिक वाद्य मीकचा सहकारी जेफ गॉडर्डने आधीच्या ध्वनिमुद्रणावर नंतर वरून वाजवले. हे वाद्य आपल्या कानांना परके नाही. ‘नागिन’ (१९५४) मधली बीन कल्याणजींनी याच वाद्यावर वाजवली होती. माझ्या कीबोर्डवर तो नाकातून आल्यासारखा स्वर जुळला. मात्र टेपचा वेग वाढवून आवाज चढवण्याची मीकची युक्ती संगणकावर केल्यास फारच गुळगुळीत वाटते.

या धुनेचे पैसे मात्र मीकला मिळाले नाहीत, कारण झाँ लेद्र्यू या फ्रेंच संगीतकाराने चाल चोरल्याचा दावा लावल्याने मानधन अडकून पडले. ३ फेब्रुवारी १९६७ रोजी मीकने त्याच घरात घरमालकिणीची गोळी घालून हत्या केली आणि स्वतःलाही संपवले. दाव्याचा निकाल त्याच्या बाजूने लागला, तो त्यानंतर.

पुढच्या खेपेस फळ्यांखाली आणखी एक वीट घालून आणि गायकाला न्हाणीघरात उभे करून पाहणार आहे.