डावी कात्री

पांढऱ्या पॉपलीनवर रक्ताचा ठिपका पडला, तेव्हा मला आधी राग आला तो कापड खराब झाल्याचा. मुलीच्या हाताकडे मी नंतर पाहिलं.

मी आयटीआयमध्ये शिवण तंत्रज्ञानाची निदेशक आहे. वीसजणींची तुकडी, वर्षाचा अभ्यासक्रम. त्या दिवशी परीक्षेआधीचा सराव होता, कटोरी ब्लाऊजचं कटिंग. बाकीच्या मुली भाग कापून कच्च्या टाक्यांपर्यंत आल्या होत्या आणि ही एकटी अजून मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडतात त्या, गोलाईवर अडकली होती.

मुलगी डावखुरी. मापं घेण्यात आणि खडूनं आखण्यात वर्गात सगळ्यांच्या पुढे. मशीनवर तर तिला कसलीच अडचण नसे. कापडाचा मोठा भाग मशीनच्या डाव्या बाजूलाच असतो, तो तिचा डावा हात छान सांभाळायचा. पण कात्री हातात आली की सगळं बिघडायचं. कड उंदरानं कुरतडल्यासारखी निघायची, गळा कापताना रेघ सुटून कात्री शिवणीसाठी सोडलेल्या मायेत शिरायची. तिची कात्री मी दोनदा धार लावायला पाठवली. दुसऱ्या वेळी धारवाला म्हणाला, "बाई, हिला धार आहे, उगाच पैसे का घालवता?" कात्री चांगली, म्हणजे दोष हातात, असं मी धरून चालले. नोंदवहीत शेरा लिहिला, 'कटिंगमध्ये हात स्थिर नाही', आणि तिला उजव्या हातानं कापायची सवय करायला लावली. दोन महिने तिनं तसं केलंही. त्या दिवशी मात्र वेळ संपत आली म्हणून तिनं पुन्हा डावा हात काढला आणि अंगठ्यावरचा जुना फोड फुटला.

आमच्या प्रथमोपचार पेटीतल्या पट्ट्या संपल्या होत्या. तिला घेऊन मी शेजारच्या शीट मेटलच्या कार्यशाळेत गेले. तिथल्या सरांनी जखम पुसली, पट्टी लावली, आणि फोड अंगठ्याच्या कोणत्या बाजूला आहे ते नीट पाहिलं. मग मला विचारलं, "मॅडम, हिला उजवी कात्री दिलीय का?"

मी म्हटलं, "कात्रीत कसलं आलंय उजवं-डावं?"

त्यांनी फळीवरून पत्रा कापायच्या दोन कात्र्या काढल्या. एकीची मूठ लाल, एकीची हिरवी. लाल मुठीची डावीकडे वळत जाणारी गोलाई कापते, हिरवी उजवीकडे वळणारी. दोघींची पाती एकमेकींच्या उलट बसवलेली. "उजव्या हाताच्या पोराला लाल बरी पडते, डावखुऱ्याला हिरवी. पत्र्यात कुणी चुकीची घेतली तर मनगटच सांगतं," ते म्हणाले.

मधल्या सुट्टीत मी कटिंगच्या टेबलाशी एकटी थांबले. माझी स्वतःची कात्री मेरठची, दहा इंची, चौदा वर्षं वापरातली. मेरठच्या कात्र्यांना भौगोलिक मानांकन आहे, आणि दर वेळी धार लावून पुन्हा पहिल्यासारखी चालणारी ही वस्तू मला दागिन्यासारखी प्रिय आहे. ती मी आयुष्यात पहिल्यांदा डाव्या हातात घेतली आणि पॉपलीनच्या दुहेरी घडीवर चालवली. कापड कापलंच नाही. दोन पात्यांच्या मध्ये दुमडून अडकलं. अंगठ्याच्या कड्याची कड हाडाला टोचली. आणि खडूची रेघ मला दिसेना, कारण वरचं पातं बरोबर तिच्यावर आडवं आलं होतं. रेघ पाहायला मान पार पलीकडे वाकवावी लागली. ही मुलगी मान वाकडी करून कापायची, आणि मी तिला "सरळ उभी राहा" म्हणून रोज टोकत होते.

कात्रीची दोन पाती पूर्ण सपाट नसतात. थोडा बाक असतो, त्यामुळे ती एका वेळी एकाच बिंदूवर टेकतात आणि तो बिंदू खिळ्यापासून टोकाकडे सरकत जातो. मूठ मिटताना आपला अंगठा नकळत बाहेर ढकलतो, बोटं आत ओढतात. उजव्या हातात या ओढीनं पाती एकमेकींवर दाबली जातात. डाव्या हातात तीच ओढ त्यांना फाकवते. फट पडली की कितीही धार असो, कापड त्या फटीत जातं. कात्री उलटी धरूनही काही साधत नाही, वरचं पातं पुन्हा त्याच बाजूला येतं. मुलांच्या वापरातल्या, दोन्ही कडी सारखी असलेल्या कात्र्या 'दोन्ही हातांना चालतात' म्हणून विकतात, पण त्यात फक्त मूठ बदललेली असते, पाती उजवीच. डावखुरी माणसं अंगठा उलटा आत ओढून पाती जबरदस्तीनं जुळवतात. तासन्‌तास तसं केलं की फोड येणारच.

दहा माणसांत साधारण एक डावखुरं असतं. इतक्या वर्षांत माझ्या हाताखालून किती मुली गेल्या आणि त्यांतल्या कितीजणींना मी हात बदलायला लावला, हा हिशेब मी त्या सुट्टीत मांडायला बसले आणि अर्ध्यावर थांबले.

संध्याकाळी मुलीला थांबवून सगळं सांगितलं. चूक माझी होती हेही सांगितलं. ती थोडा वेळ पट्टी चाचपत राहिली, मग म्हणाली, "मॅडम, आमच्या आजोबांचा विळा डावा होता. लोहारानं दात्यांचा उतार उलट्या अंगाला काढून दिलेला. आजोबा गेल्यावर सोयाबीन काढायला मी तोच घ्यायचे."

"मग इथे कधी बोलली का नाहीस?"

"कात्री लोहाराकडं करून घेत नाहीत ना. मला वाटलं, कात्री एकच असते."

डावी कात्री ऑनलाईन मागवली. नेहमीच्या कात्रीच्या तिप्पट किंमत पडली आणि यायला तीन आठवडे लागले. पहिल्या दिवशी मुलगी तिच्यावरही चुकली. अंगठा आत ओढायची जुनी सवय हाताला लागली होती, आणि डाव्या कात्रीत ती ओढ पाती फाकवत होती. "काही करू नकोस, नुसती मूठ मिट," एवढंच मी सांगत राहिले. चौथ्या दिवशी तिनं मुंढा एका दमात कापला. खालचं पातं टेबलावर टेकलेलं, मान सरळ, आणि कापडातून तो सलग चर्रर्र आवाज. तो आवाज बरोबर आला की कटिंग शिकवणाऱ्याला कड बघावी लागत नाही. नोंदवहीतला शेरा मी खोडला, तारीख घालून सही केली.

पुढच्या वर्षाच्या मागणीपत्रात लिहिलं : कात्री, 10 इंची, उजवी 18, डावी 2. भांडारपाल कागद घेऊन वर आले. "मॅडम, हे डावी म्हणजे काय? ऑडिटला काय सांगू?"

मी डावी कात्री त्यांच्या उजव्या हातात दिली, पॉपलीनचा तुकडा पुढे सरकवला आणि म्हटलं, "कापून बघा."