तवंदीचा घाट, शहापूरची गल्ली आणि तांबडा थेंब

पुणे सोडण्याआधी पहाटे बॉनेट उघडलं आणि पॉवर स्टीअरिंगच्या तेलाच्या डबीवर, पातळी होती तिथे, मार्करने बारीक रेघ मारली. इंजिन थंड असताना मारलेली रेघ थंड असतानाच तपासायची, कारण तापलं की तेल फुगतं आणि पातळी खोटी दिसते. डिकीत तेलाची अर्ध्या लिटरची बाटली, मोठी सिरिंज आणि फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा. मामांकडे बेळगावला निघालो होतो, पण खरं काम गाडीचं होतं: स्टीअरिंगच्या तेलाची गळती शोधायची.

गाडी 2006 सालची, दोन दारांची स्पोर्ट्स कार, जमिनीला चिकटून चालणारी. तिचं स्टीअरिंग हायड्रॉलिक आहे, म्हणजे तेलाच्या दाबावर हलकं होणारं. आजच्या बहुतेक गाड्यांत त्या जागी विजेची मोटर असते. ती हलकी आणि सोयीची, पण रस्ता हाताला कळतो तो या जुन्या तेलाच्या स्टीअरिंगमध्येच, असं माझं ठाम मत आहे. म्हणून ही गळती मला लागून राहिली होती. चार महिन्यांत तीनदा गाडीखाली तांबडा डाग दिसला आणि मधले कितीतरी दिवस एक थेंब नाही. पुण्यात एका गॅरेजने गाडी वर उचलली, रॅकच्या, म्हणजे स्टीअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या, आसपास ओल दिसली आणि सांगितलं, रॅकच बदला. त्याची किंमत ऐकून मी गाडी घरी आणली. खर्चापेक्षाही खटकलं ते हे, की रॅकचं सील गेलं असतं तर तेल त्याच्या दोन टोकांवरच्या रबरी बुटांत (झाकणांत) साठलं असतं. मी दोन्ही बूट दाबून पाहिले होते. कोरडे होते.

कागल सोडलं, दूधगंगा ओलांडली, कोगनोळीच्या टोलनंतर पाट्यांवर कानडी अक्षरं सुरू झाली. निपाणीला चहा घेतला. गाडीखाली पुठ्ठा सरकवला, अर्ध्या तासाने काढला, कोरडा. स्तवनिधीच्या बाजूने तवंदीचा घाट चढताना मुद्दाम लक्ष ठेवलं. वळणं आहेत, पण महामार्गावरची, रुंद. स्टीअरिंग जेमतेम पाव फेरा फिरतं. घाट चढून थांबलो, पुन्हा पुठ्ठा, पुन्हा कोरडा. संकेश्वर, हत्तरगी, काकती करत दुपारी बेळगावात पोचलो.

मामांचं घर शहापुरात, जुन्या गल्लीत. रिव्हर्स घेत, स्टीअरिंग एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला पिळत, पाच-सहा हेलकाव्यांत गाडी बोळात बसली. तोंड रस्त्याकडे, आणि रस्त्याकडे चांगलाच उतार. सकाळी मामांनीच हाक मारली. "बघ रे, ह्ये काय सांडलंय?" पुठ्ठ्यावर तळहाताएवढा तांबडा डाग. इंजिन ऑइल असतं तर काळपट असतं, कूलंट असतं तर पाण्यासारखं पसरलं असतं. हे नक्की स्टीअरिंगचंच. डबीतली पातळी रेघेच्या खाली. सिरिंजने रेघेपर्यंत भरलं तेव्हा 40 मिली लागलं.

त्या दिवशी मामांना घेऊन कणकुंबीला गेलो. पिरनवाडीवरून जांबोटीचा रस्ता धरला की तासाभरात झाडी दाट होते, हवा बदलते. कणकुंबीत माउलीचं देऊळ आणि मलप्रभेचा उगम. पुढे धरणात अडणारी, कृष्णेला मिळणारी ही नदी इथे एवढीशी वाटते की मामा बराच वेळ नुसते पाण्याकडे बघत उभे राहिले. देवळाजवळच्या सपाट जागेत गाडी उभी होती. पुठ्ठा कोरडा. परत येऊन पुन्हा त्याच बोळात लावली. सकाळी पुन्हा डाग.

मामा म्हणाले, "उद्यमबागेत जाऊया. तिथली मंडळी दिवसभर ह्येच करत्यात." बेळगावच्या फाउंड्र्या बाहेर बऱ्याच जणांना माहीत असतात, पण हायड्रॉलिक पंप, व्हॉल्व्ह, सिलिंडर बनवणारंही हे गाव आहे. तिसऱ्या रेल्वे गेटच्या पुढे, खानापूर रस्त्याच्या अंगाला ही औद्योगिक वसाहत. होज, म्हणजे दाबाच्या रबरी नळ्या, लोखंडी टोपणात दाबून बसवणाऱ्या (क्रिंप करणाऱ्या) एका दुकानासमोर गाडी लावली. मिस्त्री पन्नाशीचे. पोऱ्याशी कानडीत, आमच्याशी मराठीत. मी सगळं सांगायला लागलो, डाग कुठे, डावीकडे की उजवीकडे. त्यांनी मला थांबवलं.

"तेल कुठं पडतंय ते र्‍हाऊ द्या ओ. कवा पडतंय ते सांगा."

कधी पडतं? गल्लीत लावल्यावर. घाटात नाही, कणकुंबीला नाही.

"म्हंजे लॉकला."

लॉक म्हणजे स्टीअरिंग टोकाला जाऊन अडतं ती जागा. त्या एका शब्दात चार महिन्यांचं कोडं निम्मं सुटलं. गाडी सरळ चालते तेव्हा पंपाचं तेल नुसतं फिरत राहतं, दाब फार थोडा. स्टीअरिंग टोकापर्यंत पिळून धरलं की तेलाला वाट उरत नाही, दाब चढत जातो आणि जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडेपर्यंत शंभर बारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण शंभरपट, आसपास पोचू शकतो. हा दाब सोसतो तो पंपापासून रॅककडे जाणारा एकच होज. परतीच्या नळीत दाब नसल्यात जमा. म्हणजे लॉकलाच गळत असेल तर संशयित मोजकेच. त्यात माझी गाडी लॉकवर जाते ती गल्लीतच, तेही तासन् तास चालून तापल्यावर.

आता नेमकी जागा. मिस्त्रींनी होज, पंप, जोड सगळं डिग्रीझरने धुतलं, हवा मारून सुकवलं. मग शेजारच्या कारखान्यातून एक स्प्रे मागवला. कास्टिंगमधली (ओतीव भागातली) चीर शोधायला रंग मुरवून डाय पेनेट्रंट टेस्ट करतात, तिच्यात रंग उठून दिसावा म्हणून शेवटी मारायचा पांढरा डेव्हलपर. हा भडकणारा असतो, म्हणून इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत आम्ही थांबलो. होजवर खडूसारखा पांढरा थर बसला. तो नीट सुकल्यावर गाडी चालू केली, वीस मिनिटं गरम होऊ दिली. मी आत बसून स्टीअरिंग डाव्या टोकाला नेलं, चार-पाच सेकंद धरलं, सोडलं. उजव्या टोकाला, सोडलं. पाच सेकंदांपेक्षा जास्त धरायचं नाही, पंप भाजतो. मिस्त्री टॉर्च घेऊन लांबूनच बघत होते. एवढ्या दाबाची बारीक चिळकांडी कातडीत घुसते. गळती हाताने चाचपायची नसते, हे त्यांनी पोऱ्यालाही कानडीत बजावलं.

तिसऱ्या खेपेला म्हणाले, "या, बघा."

होजचं रबर लोखंडी टोपणात जिथे क्रिंप केलेलं, तिथे पांढऱ्यावर नखाएवढा गुलाबी डाग उमटला होता. बघता बघता तो तांबडा झाला. जुनं रबर कडक होऊन आक्रसलेलं, टोपणाची पकड सुटलेली. एरवी तेल थोपतं. दाब आणि उष्णता एकदम आली की पाझरतं. पाझरलेलं तेल होजवरून ओघळत रॅकवर, तिथून पोटाखालच्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये. बऱ्याच स्पोर्ट्स कारना हवा खालून सरळ निघून जावी म्हणून असा बंद ट्रे असतो. सपाट जागी तेल त्यातच साठून राहतं. मामांच्या बोळात नाक उताराला आलं की पुढच्या भोकातून गळतं. पुण्यातल्या गॅरेजला रॅकवर ओल दिसली ती खरीच होती. फक्त ती वरून आलेली होती. हेच तेल ओघळून तापलेल्या एक्झॉस्टवर गेलं असतं तर काय झालं असतं, हा विचार अजून मनातून जात नाही.

होज बाहेर काढला. दोन्ही टोकांचे मूळ जोड कापून घेतले, दुहेरी तारेच्या विणीचा नवा होज तेवढ्याच लांबीचा क्रिंप केला, बँजो बोल्टला (तेल आतून जाणाऱ्या पोकळ बोल्टला) नवे वॉशर, वरून उष्णतेची बाही. आत अडकलेली हवा निघावी म्हणून पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवलं, डबीत बुडबुडे येईनात तोवर. मिस्त्रींनी एक गोष्ट आधीच सांगितली. मूळ होज दाबाचे हादरे गिळण्यासाठी जरा फुगणारा असतो, हा औद्योगिक होज तसा नाही, त्यामुळे टोकाला पंपाची कुई जरा जास्त ऐकू येईल. येते. मला चालते.

संध्याकाळी मामा गल्लीच्या तोंडाशी उभं राहून हाताने खुणा करत होते आणि मी नेहमीपेक्षा दोन हेलकावे जास्तच घेतले. दुसऱ्या दिवशी कुंद्याचं खोकं मागच्या सीटवर ठेवून निघालो. पुण्यात गाडी रात्रभर थंड होऊ दिली आणि सकाळी बॉनेट उघडलं. तेल रेघेवर. परतीची नळीही तेवढीच जुनी आहे, तिच्या क्लिपा गंजल्यात. ती बदलायला दिवाळीत पुन्हा उद्यमबाग.